मी हरवलेली नाही, प्रवेश घेतला आहे

जबाब
छत्रपती संभाजीनगर, दि. २३ ऑगस्ट २०२५

नाव सुलेखा मोतीराम दाभाडे, वय १८ वर्षे, व्यवसाय शिक्षण, मूळ राहणार ढोरकीन, ता. पैठण, सध्या राहणार मुलींचे वसतिगृह, छत्रपती संभाजीनगर.

मी आज स्वतःहून पोलीस ठाण्यात आले असून विचारल्यावरून सांगते की, गावी माझे वडील मोतीराम व आई मनकर्णाबाई राहतात. वडिलांची पिठाची गिरणी आहे. थोरली बहीण दमयंती लग्न होऊन जालन्याला नांदते.

मी यंदा बारावी पास झाले व कायद्याची प्रवेश परीक्षा दिली. परीक्षेला वडिलांची हरकत नव्हती, कारण माझा नंबर लागेल असे त्यांना वाटले नव्हते. शहरातील एका कॉलेजात पाच वर्षांच्या बी.ए. एलएल.बी.ला माझा नंबर लागला. त्यात पदवी व वकिली एकत्रच होते.

वडील म्हणाले, "आधी पैठणला बी.ए. कर. मंग तीन वर्षांची वकिली हाय की. घाई काय हाय?"

मी म्हणाले, "ताईलाबी हेच सांगितलं व्हतं, आण्णा."

दमयंतीला वकील व्हायचे होते. बी.ए.चा निकाल लागला त्याच महिन्यात तिचे लग्न लावले. सासरचे पुढे शिकवणार होते, शिकवले नाही. वडिलांनी माझा दाखला व गुणपत्रके लोखंडी पेटीत ठेवून कुलूप लावले.

हवालदार साहेब विचारतात की, आधी बी.ए. व मग वकिली केली तर बिघडते कुठे. माझे म्हणणे असे की, दोन्हीच्या मध्ये जी मोकळी जागा राहते, तिथेच आमच्या घरात पोरीचे लग्न बसवतात. मला ती जागा ठेवायची नव्हती.

गुरुवारी कॉलेजात हजर होण्याची शेवटची तारीख होती. मी पेटीतून माझे कागद घेतले. माझे कागद मी घेणे ही चोरी होत नाही. पेटीची किल्ली आईच्या कमरेला असते. ती मला कोणी दिली हे मी सांगणार नाही.

पैठणहून आलेली एस.टी. भरलेली होती, थांबली नाही. बारावीला माझ्या वर्गात असलेला प्रणय मोटारसायकलवर चिकलठाण्याला कंपनीत कामाला निघाला होता. मीच त्याला हात केला. त्याने मला कॉलेजच्या फाटकापाशी सोडले व तो कामावर गेला. मी प्रवेश घेतला.

प्रणयने मला फूस लावून पळवले, ही वडिलांची तक्रार खोटी आहे. तो कालपासून चौकशीसाठी येथे बसून आहे हे कळल्यावरून मी आले.

वडील येथे हजर आहेत. ते मला म्हणाले, "चल घरी. गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाय तू."

मी म्हणाले, "गावात सांगा, पोरगी वकिलीला गेली."

"आन लोकांनी नाय मानलं तर?"

"तर त्यांना कॉलेजात घेऊन या. मी वर्गात सापडंल."

साहेबांनी आईला फोन लावून दिला. आई म्हणाली, "जेवली का?" मी जेवले असे सांगितले.

"रागाच्या भरात घर सोडले" असे लिहिल्यास प्रकरण लवकर मिटेल, असे मला सुचवण्यात आले. मी नकार दिला. मी रागात नव्हते. ठरवून निघाले.

वडिलांविरुद्ध माझी तक्रार नाही. मी घरी जाणार नाही, वसतिगृहावर जाणार आहे. प्रणयला सोडेपर्यंत येथून उठणार नाही, असे मी सांगितले. हे लिहीत असताना वडिलांनी त्याच्याविरुद्धची तक्रार मागे घेतली व प्रणय गेला. वडील बाहेर बाकावर बसले आहेत.

जबाब मला वाचून दाखवला, तरी मी तो मागून घेऊन स्वतः वाचला. एका ठिकाणी "पळाले" असे लिहिले होते, तेथे "निघाले" असे करून घेतले. आता तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही
सुलेखा मोतीराम दाभाडे