टाकी कुठं बसवायची

चहा घे, सांगतो. धुळीनं बायकोचा दमा वाढला, म्हणून लातूरच्या घराला धूळ ओढून घेणारं सेंट्रल व्हॅक्यूम बसवायचं ठरवलं. दुपारी येणारा कंपनीचा माणूस उगवला दिवेलागणीला. तवर मी अंगणात नुसत्या चकरा मारत राहिलो. भिंतीतून पाइप कसा न्यायचा ते सांगून त्यानं दाखवायला सोबत आणलेली नळी उचलली, तशी आई कडाडली, "दिवा लावल्यावर घर झाडत नसतेत!"

"काकू, हे झाडणं न्हाई. कचरा पाइपातून थेट बाहेरच्या टाकीत जातो."

"म्हणजे लक्ष्मी बी थेट बाहेरच!"

तेवढ्यात बायकोला खोकल्याची उबळ आली. आई तिच्याकडं बघत राहिली. मग त्या माणसाला म्हणाली, "टाकी माझ्या खोलीत बसवा."

"काकू, तिची मोटर लई आवाज करती."

"करू द्या. लक्ष्मी घरातच हाय, एवढं तरी कळंल."