मागचे दार कोणी दाखवले

पुरवणी जबाब

मी रहेमतबी पाशा शेख, वय ५८ वर्षे, व्यवसाय फळविक्री, रा. मौजे करंजवाडी, ता. केज, जि. बीड.

आज रोजी स्वतः ठाण्यात येऊन, कोणाचाही दबाव नसताना सांगते की, वरील पत्त्यावर मी मुलगा मुस्तकीम व सून शाईस्ता यांच्यासह राहते. नांदूरघाटच्या बाजारात आम्ही सीताफळे, पेरू विकतो. गावातील बजरंग त्रिंबक शिंगाडे हा शेळ्या राखतो. तो लहानपणापासून आमच्या घरी येत असे व मला मावशी म्हणतो.

गेल्या मार्चमध्ये आमच्या समाजाकडून काही विकत घ्यायचे नाही, असे गावात ठरले. त्यानंतर एका दुपारी जमाव आमच्या घरावर आला. पुढच्या दाराला आम्ही आतून कडी लावली होती. लोक मागच्या दाराने आले. ते दार गोठ्याआड असल्याने परक्या माणसाला दिसत नाही. त्यांनी सामान फोडले, मुस्तकीमला मारले. अंबाजोगाईला उपचार झाले. डाव्या डोळ्याने त्याला आता दिसत नाही.

पहिल्या जबाबात मी कोणाला ओळखले नाही असे सांगितले होते. ते खरे नव्हते. बजरंग सर्वांच्या पुढे होता. त्याने कोणाला मारले नाही. तो चुलीजवळ उभा राहिला. मी त्याला नावाने हाक मारली. त्याने खाली बघितले. गावातच राहायचे असल्याने मी त्याचे नाव घेतले नाही.

तेव्हापासून तो शेळ्या आमच्या दारावरून नेत नव्हता, ओढ्याकडून फेऱ्याने नेत होता. काल सकाळी तो बायको रतनबाईसह आला. आत ये म्हटले तरी आला नाही.

"मावशी, साहेबापुढं माझं नाव घ्या," असे तो म्हणाला. "तुमी न्हाई म्हणलात म्हणून मी मोकळा हाय. मुस्तकीम बाजारात मान वळवून एका डोळ्यानं गिऱ्हाइकाकडं बघतो, ते मला बघवंना."

मी विचारले, "दार कावून दाखवलंस?"

"सगळे माझ्याकडंच बघायलते. मी तुमच्याकडचा हाय म्हणले असते. मी नुसतं बोट केलं."

रतनबाई म्हणाली, "ह्याचं नाव घेऊ नका म्हणायला आलते. आता म्हणवंना."

मुस्तकीमने घरातून सर्व ऐकले. तो बाहेर आला नाही.

आज बजरंग व मी एकाच जीपने ठाण्यात आलो. इतरांची नावे तो स्वतः सांगणार आहे. त्याला माफ केले काय, असे साहेबांनी विचारले. डोळा मुस्तकीमचा आहे, त्याला विचारावे, असे मी सांगितले. नावे दिल्यावर बजरंगच्या घरी कोणी त्रास देईल, म्हणून रतनबाई सध्या आमच्या घरी शाईस्ताजवळ आहे.

मी बोलले तसा हा जबाब टाइप केला. मला वाचता येत नसल्याने महिला पोलीस अंजू मॅडम यांनी तो मोठ्याने वाचला, मी ऐकला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे असून खरा आहे.

निशाणी डावा अंगठा
रहेमतबी पाशा शेख