ढब्बूचा पुनर्जन्म

"मी ढब्बूला यमाच्या दारातून परत आणलं!" जनावरांच्या दवाखान्यात शेजारचे गृहस्थ गरजले. मांडीवर कासवाची टोपली घेऊन बसलेल्या निवृत्त पोस्टमास्तरांनी कान टवकारले.

"अहो, झोपला होता तो!" त्यांची बायको म्हणाली.

"हाका मारल्या, हलला नाही."

"कुत्रा ठार बहिरा आहे आपला!"

"तीसदा छाती दाबली, तेव्हा उठला ना?"

"चावत उठला! आत बरगडीचा एक्स-रे चाललाय. श्वास आधी बघायचा, हे त्या प्रथमोपचाराच्या वर्गात शिकवलं नव्हतं?"

"तेव्हा जरा डुलकी लागली होती."

"मग तुमची छाती कोणी दाबली?"

डॉक्टरबाई डोकावल्या. "बरगडी शाबूत आहे."

"बघ! हातच तयार आहे माझा." गृहस्थांची नजर टोपलीत गेली. "काका, तुमचं कासव केव्हाचं हललं नाही."

ते बाह्या सरसावू लागले. पोस्टमास्तर टोपलीसकट उठले.

"डॉक्टरबाई, माझा नंबर जरा आधी घेता का?"