रेहमीला मी नीट सांगितलं नाही

मी मूळची शहाद्याकडच्या खेड्यातली, लगीन होऊन तळोद्याला आले, नवरा बांगड्या विकायचा, तो गेल्यावर मीच विकायला लागले, आता साठी उलटली तरी बांगड्याच. मोलगीचा आठवडी बाजार मी तीस वर्षं केला. जीपमध्ये मागं बसायचं, मांडीवर बांगड्यांची पेटी, घाट चढायचा, दिवसभर विकायचं, उतरायचं. काय सांगू तुम्हाला, त्या बाजारानं मला वरच्या, डोंगरातल्या लोकांची बोली शिकवली. घे, नको, केवढ्याला, हात ढिला सोड, दुखलं का, पुढच्या बाजारी ये. एवढीच बोली मला येते, आनि मला वाटायचं सगळीच येते. तिथंच तर चुकलं. सांगते.

माझे डोळे पिवळे झाले, अंगाला खाज, मी म्हटलं कावीळ. एकाकडून गळ्यात मुळ्या बांधून घेतल्या, दुसऱ्याकडचा काढा प्याले. शेवटी नंदुरबारच्या डाक्टरनं पोटाचा फोटो काढला आनि म्हने, मावशी, नाशिकला जा, स्वादुपिंडात गाठ शे. आता हा पिंड कोनता, कुठं असतो, मला काय ठाऊक. जठराच्या मागं दडलेला असतो म्हने. ज्याचं नाव साठ वर्षांत ऐकलं नाही त्यानं माझा जीव घ्यायचा, बघा.

नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात बाजूच्या खाटेवर रेहमी होती. मोलगीच्या वर दोन तास पायी चालायचं, तिथली. चाळिशीची असेल. तिचीबी तीच गाठ, एकाच आठवड्यात दोघींचं पोट फाडलं. तिनं मला ओळखलं, मी तिला नाही ओळखलं, बांगड्या भरताना मी हात बघते, तोंड कुठं बघते. हसायचो आम्ही त्यावर, टाके दुखायचे तरी हसायचो.

घरी सोडायच्या दिवशी डाक्टर म्हने, गाठ निघाली, पन बारीक मुळं ऱ्हायली असतील ती मारायला किमो घ्यावं लागेल, चार-सहा आठवड्यांत सुरू करायचं, मग दर पंधरा दिवसांनी, सहा महिने, उशीर करू नका. रेहमी आनि तिचा नवरा माझ्या तोंडाकडं बघत होते. त्यांना मराठी समजते, डाक्टरची मराठी समजत नाही. डाक्टर म्हने, मावशी, तुम्ही सांगा यांना. मी ऐटीत त्यांच्या बोलीत सांगितलं. गाठ निघाली, घरी जा, अंगात ताकद आली की औषधाला ये. झालं. वर लोक दिवस बाजारावर मोजतात, हे मला तीस वर्षं ठाऊक. सहा बाजारांच्या आत ये, एवढं बोलायचं होतं, ते बोलले नाही. माझंच पोट दुखत होतं तेव्हा, हेबी खरं.

माझी भाची नाशिकातच सातपूरला ऱ्हाते, तिचा नवरा कंपनीत. ती म्हने, मावशी, कोठे येरझाऱ्या घालस, आठेच ऱ्हाय. मी तिच्याकडंच ऱ्हायले. आधी रक्त तपासायचे, रक्त कमी भरलं की म्हनायचे आज नाही, चार दिवसांनी या. मी रिक्षात बसून भाचीकडं जायची, वरन-भात खाऊन झोपायची. लांबून आलेली मानसं पिशवी घेऊन तिथंच पायरीवर बसायची. औषध सरकारी कार्डावर फुकट होतं, मलाबी, त्यांनाबी, त्यात फरक नव्हता. तरी हळूहळू लांबची तोंडं दिसेनाशी झाली, जवळची ऱ्हायली.

चौथ्या वेळी मी सिस्टरला विचारलं, रेहमी वसावे येते का. ती म्हने, एकदाबी नाही आली. मग मी जीपवाल्याकडून निरोप धाडला. उत्तर आलं, रेहमी बरी झाली, ताकद आली, नवऱ्यासंग गुजरातला ऊस तोडायला गेली. आता तिला काय बोलनार. ताकद आली की कामाला जायचं, ती कशासाठी असते दुसरी.

होळीला मात्र सगळे परत येतात, कुठंबी असोत. मीबी मधल्या दिवसांत घरी आले होते, मोलगीच्या बाजारात तिला गाठली. गाल भरलेले, हसत आली. माझे केस गळालेले, तोंड काळं पडलेलं. लोक तिलाच सांगत होते, या बाईला दवाखान्यात ने. मी तिचा हात सोडला नाही, पुढच्या आठवड्यात नाशिकला नेली. डाक्टरनं कागद बघितले, किती महिने झाले ते बोटांवर मोजलं आनि म्हने, ते औषध द्यायची वेळ निघून गेली, आता तपासत ऱ्हाऊ.

श्रावणात तिचं परत आलं, काळजात, डाक्टर त्याला यकृत म्हने. आता तिला किमो चालू आहे. पन आधी ते मुळं मारायला होतं, आता नुसतं दिवस वाढवायला आहे, हे डाक्टरनं सांगितलं आनि या वेळी मी तिला सगळं तसंच्या तसं सांगितलं, अडत अडत, हातवारे करत.

आता ती माझ्यासंग भाचीच्या खोलीत उतरते. मागच्या वेळी भाकरी खाताना मी म्हटलं, रेहमी, माझी चूक झाली, सहा बाजार म्हनून सांगायला हवं होतं. तिनं घास खाल्ला, पानी प्याली. म्हने, सांगितलं असतंस तर एकदा आले असते. मग पंधरा दिवसांनी परत, मग परत. ऱ्हायले कुठं असते?

हे ती रागानं नाही बोलली. पन मी माझं पाप एका वाक्याचं करून ठेवलं होतं, तेवढंच धुवायचं म्हनून. भाचीची खोली तेव्हाबी एवढीच होती, एक चटई मावलीच असती. तीस वर्षं त्या बायांचे हात हातात घेतले, एखादी बांगडी फुकटबी दिली, पन माझ्या घरी चल, हे तोंडातून कधी निघालं नाही. नाही म्हटलं असं नाही हो, सुचलंच नाही. त्याचंच वाईट वाटतं.

बुधवारी तिला दवाखान्यात बोलावलं आहे. जीप मिळाली तर दुपारपर्यंत ती तळोद्यात येईल, मग धुळ्यावरून आम्ही दोघी जाऊ. जितक्या वेळा बोलावतील तितक्या वेळा जाऊ. तुम्ही एवढं लिहून घेतलं, तुमचं चांगलं होवो. आनि वरून कोनी दवाखान्याच्या कागदांची पिशवी घेऊन खाली आलेलं दिसलं तर त्याला आजार नंतर विचारा. आधी विचारा, उतरलास कुठं.