लाल गाडीची मिसिंग

गाव इचारता तं माह्यं गाव केळझर, गनपतीच्या देवयाच्या मांगं आमचं घर होतं, आता सेलूले येऊन पस्तीस वर्सं झाले. बाप दुसऱ्याच्या वावरात विहिरीवरचं डिझेल इंजिन चालवे, वांग्या-टमाटरले पानी दे, अन मी बांधावर बसून आयकत राहो. दूर कोनाचं इंजिन सुरू झालं का मी सांगो, हे पाटलाचं होय अन याचं तेल सरत आलं. बाप म्हने, पोट्ट्याले शायेत मास्तर काय बोलते ते आयकू येत नाई, इंजिन मात्र बरोबर आयकू येते. तेच माह्यं शिक्षन झालं पाहा. मंग वर्ध्याले एका मिस्त्रीच्या हाताखाली टॅक्टरचं काम शिकलो, मंग सेलूत रोडले लागून शटर घेतलं, टॅक्टर, जीपा, पानी ओढाचे इंजिन, समदं डिझेल. पेट्रोलच्या नादी कदी लागलोच नाई, लागाचं काही कारनच नोतं.

आता कानाचं सांगतो, कारन सारा झगडा कानाचाच हाये. माही पोरगी शीतल पुन्याले नोकरीवर हाये, ते दिवाईले आलती, तं म्हने बाबा, टीव्हीचा आवाज गल्लीत जाते, कान दाखवा. वर्ध्याले डाक्टरकडे नेलं, त्यानं मशीन लावलं अन सांगतलं का उजवा कान गेल्यात जमा हाये, डावा चांगला हाये. झालं, शीतलनं लावूनच धरलं, का बाबा आता शटर पाडा, मायले घेऊन पुन्याले चाला, ज्याले आयकू येत नाई त्यानं इंजिन खोलू नये. हे बोलनं मले लागलं बरं. खोटं नोतं ना, म्हनून लागलं. पन पुन्याले जाऊन मी करू काय, तिच्या बिल्डिंगीच्या खाली समद्या नव्या गाड्या, चूपचाप येते अन चूपचाप जाते.

अशात हे लाल गाडी आली. वर्ध्याच्या एक मॅडम हायेत, कालेजात केमिस्ट्री शिकवत, आता रिटायर झाल्या. गाडी त्यायच्या भावाची, तो विदेशात राहाले गेला अन जातानी बहिनीच्या हवाली करून गेला, तीसेक वर्सांची जुनी गाडी. दोनच सीटा, कपड्याचा टप, अन समोर दिवे दिसतच नाई, बटन दाबलं का बेडकाच्या डोयासारखे बोनटातून वर येते. रोडवरचे समदे लोक पाहाले जमा झाले, मीबी त्यायच्यातच उभा होतो. मॅडम म्हणाल्या, मिस्त्री, ही मिसिंग करते, जोर दिला की झटके मारते, नागपूरला दोन ठिकाणी दाखवली, कोणाला सापडत नाही, कॉम्प्युटर लागत नाही हिला, तुम्ही म्हणे नुसतं ऐकून सांगता. मी म्हटलं, मॅडम मी डिझेलचा मानूस. त्या म्हणाल्या, ऐकून तर बघा. आता असं म्हटल्यावर कोन नाई म्हनते? मी तेव्हाच शीतलले फोन लावला, म्हटलं हे गाडी मी कानानं दुरुस्त करून दिली तं दुकान राहीन अन तू पुन्हा बोलाचं नाई, नाई झाली तं शटर पाडून तुह्याकडे येतो. ते म्हने, बाबा, जबान? म्हटलं जबान.

काय सांगू तुमाले, पेट्रोलचं इंजिन मी इतक्या जवयून कदी पायलंच नोतं. डिझेलमंदी तेल दाबानंच पेटते, पेट्रोलले प्लगची ठिनगी लागते. चार सिलिंडर, चार प्लग, अन या गाडीचे प्लग वरतून खोल खड्ड्यात बसवले, बोटभर नाई, हातभर समजा. मले तं हेच पाहात बसावं वाटे. मंग स्क्रू खोलाचा लांब पेचकस घेतला, टोक इंजिनावर टेकवलं अन मूठ डाव्या कानाले लावली. एक बोलून राह्यला, दोन बोलून राह्यला, चार बोलून राह्यला, तीन चूप. आंधी असं झालं असतं तं मी लगेच तीन खोलला असता, पन आता माहाच माह्या कानावर भरोसा नोता. म्हनून गाडी थंडी होऊ देल्ली, पुन्हा सुरू केली अन धूर निंगाच्या चारही पाइपांवर पान्याचा एक-एक थेंब टाकला. तिघांवर चर्र झालं. तिसऱ्यावर थेंब तसाच बसून राह्यला, म्हंजे तठी काही पेटतच नोतं. कान बरोबर होता! मी एकटाच हासलो, खरं सांगतो.

आता तीन चूप काऊन हाये, हे पाहाचं होतं. प्लग बदलवून पायला, तरी चूप. मंग कान लावला तं कोठी तरी बारीक चट् चट् आयकू ये. घरातून सतरंजी आनली, भर दुपारी बोनटावर अन माह्या डोक्यावर पांघरली, इंजिन सुरू ठिवलं अन त्या आंधारात पाहात राह्यलो. समोरचा चहावाला म्हने, काऊन मिस्त्री, गाडीले सर्दी झाली का वाफ देऊन राह्यला? मी आतून म्हटलं चूप बस. अन दिसलं. तिसऱ्या प्लगच्या वायरले चीर गेलती, तिच्यातून ठिनगी बाजूच्या लोखंडावर उडून राह्यली, करंट प्लगपर्यंत पोचतच नोता. नवीन वायरी नागपूरहून मागवल्या, लावल्या, चारही बोलले. मॅडमले फोन केला, गाडी घेऊन जा.

आमच्या दुकानाची एक रीत हाये, ते सांगाची राह्यली. दुरुस्त झालेली गाडी निंगाच्या आंधी माही बायको सिंधू ताट घेऊन येते, नारय फोडते, त्याचं पानी इंजिनावर शिपडते अन हयदी-कुकाचं बोट लावते. लोक चाकाले लावते, हे इंजिनालेच लावते, म्हने काम त्यानं करावं अन मान चाकाले कायचा? बोनट उघडं ठिवाच लागते तिच्यासाठी. पस्तीस वर्सं झाले, लोक म्हनते वसंता मिस्त्रीचा हात अन वहिनीचं नारय, दोन्ही पाह्यजे. तं तिनं लाल गाडीलेबी नारय फोडलं, दोन ओंजयी पानी टाकलं, बोट लावलं, मॅडमनं नमस्कार केला अन निंगाल्या.

वर्ध्याच्या वाटेवर पवनारचा पूल लागते, तठून मॅडमचा फोन आला. मिस्त्री, परत मिसिंग.

गाडी झटके खात वापस आली. मी पेचकस लावला, तं आता तीन बोलून राह्यला अन दोन चूप. मले घामच फुटला. खराबी कदी आपली जागा बदलवते का? आंधी तीनात होती, आता दोनात काऊन गेली? दोनची वायर काढली, खड्ड्यात पिवयी काट दिसली, जुनं तेल असंन म्हटलं अन चिंधीनं पुसून टाकली. वायर वापस लावली, गाडी चारही सिलिंडरवर चालली. म्या काय केलं म्हनून चालली हे मलेच समजलं नाई. सिंधू म्हने, रोडवरच्या समद्यायची नजर लागली या गाडीले, येवढी लाल हाये ते, एका नारयानं नाई भागाचं. दोन नारय फोडले तिनं, समदं पानी इंजिनावर, माया करून टाकलं, रागानं नाई. या बारीले गाडी सेलूच्या बसस्टॉपपर्यंतबी गेली नाई. वापस आली, कान लावला तं दोनबी चूप अन चारबी चूप.

मी मॅडमले म्हटलं, मॅडम, गाडी राहू द्या, उद्या तुमाले घरी आनून देतो, माहा कान मले खोटं सांगून राह्यला. त्या आटोनं गेल्या. मी दुपारी चार वाजता शटर खाली ओढलं, आतून. चार वाजता ते शटर कदी पडलं नोतं. मले लय वाईट वाटलं, लपवून काय करू, डोयात पानी आलं. शीतलले फोन लावाले हातात घेतला, अन मंग मनात आलं का जबान देल्ली ते पाळीन, पन दोन अन चारच काऊन? गाडी तं समोरच उभी हाये, शेवटचं पाहून तं घेऊ.

दोनची वायर काढली, बॅटरी मारली, तं खड्ड्यात पानी. चारमंदीबी पानी. पाऊस नाई, धुतली नाई, पानी आलं कोठून? रेडिएटरचं आलं का म्हटलं अन बोट बुडवून जिभेवर ठिवलं. गोड. जरासं खारट अन गोड, अन हयदीचा वास. मी तसाच बसलो खाली फरशीवर. नारयाचं पानी होतं ते. अन ते पिवयी काट, जे म्या चिंधीनं पुसली, तेबी हयदच होती, डोयाले दिसली अन म्या तेल समजलो. कानानं मले दोन्ही बारीले खरंच सांगतलं होतं, दोनात पानी होतं तं दोन चूप, दोन अन चारात गेलं तं दोन्ही चूप. पस्तीस वर्सं डिझेल होतं, डिझेलले ना प्लग ना ठिनगी, सिंधूनं घागर ओतली असती तरी इंजिनाले काही फरक पडला नसता.

मॅडमले फोन करून इचारलं, नारयाच्या पान्यातून करंट जाते का? त्या म्हणाल्या, जातो ना, क्षार असतात त्यात, का हो? मी सांगतलं का प्लगचा करंट पूजेच्या नारयाच्या पान्यातून लोखंडात पयून राह्यला, तं त्या इतक्या हासल्या का फोन दूर धरा लागला.

पन सिंधूले कसं सांगाचं? जे बाई पस्तीस वर्सं भल्यासाठी पानी शिपडून राह्यली, तिले म्हनाचं का तुह्यानं गाडी बिघडली? दुसऱ्या दिवशी खड्डे सुकवले, गाडी सुरू केली, तिले बोलावलं, म्हटलं आयक. मंग चमचाभर नारयाचं पानी खड्ड्यात सोडलं. गाडी लंगडाले लागली. तिनं माह्याकडे पायलं, म्हने, हे माह्या नारयानं? मी म्हटलं हो. तिनं वाकून खड्ड्यात पायलं. मंग म्हने, अजून एकदा दाखवा. तिलेबी पाहाचं होतं ना. तीन बारीले दाखवलं.

मॅडम गाडी न्याले आल्या तं सिंधू ताट घेऊन आली अन बोनटापाशी येऊन थांबली. म्हने, आता लावू कोठी? मी बोनट लावून घेतलं. तिनं हयदी-कुकाचं ते बोट उचललं अन माह्या कपायाले लावलं, म्हने याच्यात तं करंट नाई ना, अठी काही बिघडत नाई. गाडी गेली. मी फोन घेऊन बसलो, पवनारचा टाइम निंगून गेला, वर्ध्याचा आला, अन फोन वाजला. मॅडमनं फोन बोनटाजवय धरलता. म्या सवयीनं उजव्या कानाले लावला तं काही आयकू आलं नाई, मंग डाव्याले लावला. चारही बोलून राह्यले होते.

शीतलले जसं झालं तसं सांगतलं, काही लपवलं नाई. ते म्हने, ठीक हाये बाबा, दुकान राहू द्या, कान ठीक हाये तुमचा, आता डोये दाखवून घ्या. तं चष्मा लागला पाहा हा.

आता सिंधू गाडी आली का पयले इचारते, डिझेल का पेट्रोल. डिझेल असंन तं पयलेसारखंच इंजिनाले. उजवा कान गेला तो गेला, त्याचं मले काही नाई, डावा हाये तोपर्यंत सकायी आठले शटर उघडीन. तुमची हे मोटारसायकल पेट्रोलची होय ना? मंग अठी या जवय, कपाय पुढं करा, ताट घेऊन येऊनच राह्यली ते.