डुकरांसाठी लावलेला अल्बम

हसू नका बे माह्या अल्बमले. मिक्सर बिघडल्यावानी वाजते म्हणता ना, आमच्या बाबाचंही तेच मत होतं. इलेक्ट्रॉनिक ग्रुप, सारा मशिनीचा आवाज, गाणारं कोणीच नाही. पण मले भलता आवडते तो.

गेल्या साली जानेफळच्या वावरात मका कणसावर आला अन् रानडुकरं घुसू लागले. बाबा रोज रात्री मचाणावर जागलीले. भोंग्यावर कुत्रे भुंकल्याचं रेकॉर्डिंग लावत, पण डुकरं त्याले सरावले. शेवटी बाबा म्हणे, "तुह्या त्या खडखडाटाचा पेन ड्राइव्ह दे. माणसाले सहन होत नाही, तं डुक्कर काय टिकते!"

असा राग आला मले! पण मक्यापायी दिला.

सकाळी चहा घेऊन गेलो, तं धुऱ्याकडचा, वावराच्या कडेचा मका सारा आडवा. भोंगा चालूच, अन् बाबा मचाणावर घोरून राह्यले.

"बाबा, उठा! डुकरं येऊन गेले!"

बाबानं मक्याकडे पाह्यलं, मंग भोंग्याकडे.

"दणदण वाजे तोवर एकही फिरकलं नाही बे," बाबा म्हणे. "मंग ते हळूहळू वाजणारं आलं, अन् माहा डोळाच लागला. अशी झोप किती दिवसानं लागली!"

मी म्हटलं, "मंग आज परत कुत्रे लावू?"

"लाव. अन् जागलीले तू जाय," बाबा म्हणे. "ते हळू वाजणारं मले घरी लावून दे."