शेताला फुटलेली शेपटी

भोकरच्या बसस्थानकात निवृत्त शिक्षिका लुंबिनीबाईंच्या शेजारी इस्लापूरचे सासरा-सून डोक्याला डोकं लावून मोबाईल बघत बसले होते; त्यांचं बोलणं लुंबिनीबाईंना सहज ऐकू येत होतं.

"मामा, लातूरच्या व्यापाऱ्यानं आपल्या शेताचा नकाशा परत पाठवला! जंगल तोडून पिकवलेलं सोयाबीन परदेशात घेत न्हाईत म्हणे."

"आपण काडी तरी तोडली का, पोरी?"

"तोडली न्हाई. पण नकाशात आपलं शेत जंगलात घुसलंय. हे बघा, शेपटी!"

"शेताला शेपटी?"

"फोन घेऊन बांधावरनं चाललं की चालाल तशी रेघ उमटती. त्या दिशी चालता चालता तुमी मधीच कुठं गेलते?"

"कुठं न्हाई. झाडीतल्या मरीआईला तेवढं नारळ फोडून आलो. नवं काम, तिला इचारल्याबिगर कसं करावं?"

"आन् फोन?"

"खिशात चालूच की! तिलाबी दाखवला."

"अवो मामा! आज सहाच्या आत नवा नकाशा गेला तरच माल घेणार हायेत."

"मंग ऊठ की! ती बघ, बस लागली!"

"आता बांध सोडायचा न्हाई हां."

"न्हाई गं. फोन घेऊन तूच चाल बांधावरनं. तवर मी पळत जाऊन मरीआईला सांगून येतो, आज यायला जमणार न्हाई म्हणून."